भोगावतीत सोडलेलं बाळ

नाताळ जवळ आला की आमच्या रोह्याच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो. गेल्या वर्षी नीट गुंडाळून ठेवलेल्या लाइटच्या माळा एकमेकींत अडकलेल्या निघतात. कुणीतरी गुंता सोडवत फरशीवर बसतं आणि दुसरं कुणी म्हणतं, "पेणच्या आजोबांनी बाळ येशूचं विसर्जन केलं, ती सांगा ना." मग माझी बायको सांगते. पेणचे आजोबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. ते गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचे. आम्ही ख्रिस्ती, ते हिंदू. आमच्या गोठ्याच्या देखाव्यातली बाळाची मूर्ती त्यांच्याकडे रंगवायला दिली, तर त्यांनी ती गणपतीसारखी नदीत सोडून दिली, अशी ती गोष्ट. सगळे हसतात. मीही हसत आलो.

मूर्ती नदीत गेली एवढंच त्यात खरं आहे. ती का गेली हे मला आणि सासऱ्यांना माहीत होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. माझी आईही गेली. मी गप्प राहिलो असतो तर हे माझ्याबरोबर संपलं असतं आणि पेणचे आजोबा आमच्या घरात कायमचे हास्यास्पद राहिले असते.

यंदा घरात नवी सून आली आहे. कोलाडजवळची, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्न मे महिन्यात झालं, तेव्हा तिचा हा आमच्याकडचा पहिलाच नाताळ. मोठी हौशी मुलगी. गोठ्यापुढे हिरवं शेत दिसावं म्हणून आमच्याकडे ताटलीत नाचणी पेरतात. हे कळल्यावर ती म्हणाली, "अहो मम्मी, हे तर घटासारखंच. माझ्या हातचं रुजवण कधी फुकट गेलं नाय." आणि खरंच, तिची नाचणी चार बोटं वर आली.

त्या दिवशी घरात नेहमीचीच धावपळ होती. मुलगा धाटावला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. मी सकाळी बँकेत जाऊन आलो, मग करंज्यांसाठी रवा आणि खोबरं आणलं. टाकीचा बॉल कॉक बिघडून पाणी वाहत होतं, म्हणून प्लंबरच्या मागे लागलो. दुपारी मुलगा आला, जेवला आणि स्टुलावर चढून दाराबाहेर चांदणी लावू लागला. बायको जमिनीवर बसून गोठ्याच्या छपराला पेंढा बांधत होती. सून गाय-बैलांची धूळ पुसत होती. तेवढ्यात मुलानेच वरून फर्माईश केली, "मम्मी, हिला आजोबांची गोष्ट सांग. हिने नाय ऐकली अजून."

बायकोने सांगितली. ती चांगली सांगते. वडिलांचा आवाज काढते, माझ्या आईचा चेहरा करते. मुलगा स्टुलावर हसून हसून हलायला लागला. सूनही हसली, पण नवखी आहे, थोडं जपून. मग तिने विचारलं, "पण आजोबांना आधी कुणी सांगितलं नव्हतं का? तुमच्यात सोडत नाहीत म्हणून?"

"त्यांनी विचारलंच नाय," बायको म्हणाली. "माझा बाप तसलाच. अडाणी होता गो. मनात आलं की करून मोकळा."

मी माळेतला एकेक बल्ब तपासत होतो. हात तिथेच थांबला. अडाणी हा शब्द तिने वडिलांबद्दल पूर्वीही वापरला असेल, मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ज्या मुलीला आजोबा कधी दिसलेही नाहीत, तिच्यापुढे तो उच्चारला गेला. उद्या ती हीच गोष्ट तिच्या मुलांना सांगणार. अडाणी या शब्दासकट.

कारण त्यांनी विचारलं होतं. दोन वेळा विचारलं होतं.

*

ती मूर्ती माझ्या आईची. आई नगरकडची. वडील तिकडे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माझ्या पाठीवरचा भाऊ तान्हा असतानाच गेला. तेव्हा दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने आईला ती दिली होती. वीतभर लांब, प्लॅस्टरची, डोळे मिटून झोपलेलं बाळ. वडिलांना पुढे रोह्यात नोकरी मिळाली, आम्ही इकडे आलो. सामानात भांडी फुटली, आरसा फुटला, बाळ मात्र आईच्या मांडीवर बसून आलं. वर्षभर ते तिच्या ट्रंकेत असे. डिसेंबरात ती ते बाहेर काढी, ओल्या कापसाने पुसे, आणि पुसताना काही बोलत नसे. आम्ही भावंडंही त्या वेळी आत जात नसू.

मी पेणच्या मूर्ती रंगवणाऱ्याच्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आईने बराच त्रागा केला. पण लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला सासरे पेणचे पोहे आणि पापड घेऊन आमच्याकडे आले आणि चित्र पालटलं. चहा पिता पिता ते गोठ्याकडे बघत होते. बाळाच्या गालाचा रंग उडाला होता, गायीचं एक शिंग गेलं होतं. ते आईला म्हणाले, "विहीणबाय, हरकत नसंल तर हात फिरवू काय? माझं ते कामच हाय."

आईने गाय दिली. बाळ दिलं नाही. त्यांनी गायीला नवं शिंग बसवलं, कपाळावर पांढरा ठिपका काढला, आणि ती गाय अशी दिसू लागली की आता हंबरेल. मग आई आत गेली आणि बाळ घेऊन आली.

तेव्हापासून ते दर डिसेंबरात येत. रंगांच्या वाट्या, दोन-तीन बारीक ब्रश आणि जुन्या धोतराचं फडकं. ओसरीवर बसून एकेक मूर्ती रंगवायची, शेवटी बाळ. आई समोर बसून तांदूळ निवडायची. दोघांचं बोलणं फारसं नसे. आईने त्यांना एकदा विचारलं होतं, "तुमचा देव नाही हा, तरी एवढं जपून रंगवता?" ते म्हणाले, "लेकरू हाय ना. लेकराला कसला आलाय धर्म?" आईला ते फार आवडलं होतं. जाताना ती त्यांना केक बांधून द्यायची आणि ते पेणला सगळ्या आळीत वाटत.

एका वर्षी परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम कारखान्यात आधीच सुरू झालं आणि सासऱ्यांना निघता येईना. त्यांनी निरोप पाठवला: बाळाला जावयाबरोबर इकडे पाठवा, बाकीचं मी सणाच्या आदल्या दिवशी येऊन करतो. आई कचरत होती, पण हो म्हणाली. बायकोने बाळ आपल्या जुन्या मऊ साडीत गुंडाळलं आणि मला बजावलं, "मांडीवर धरून न्या. खाली ठेवू नका."

त्याच आठवड्यात घरातली पाण्याची मोटर जळली होती. पेणला वाइंडिंग चांगलं करतात, म्हणून तीही न्यायची होती. दोन पिशव्या कशाला, असं म्हणून मी दोन्ही एकाच पिशवीत घातलं. खाली मोटर, वर बाळ. एसटीत गर्दी होती. पिशवी सीटखाली सरकवली आणि मी शेजाऱ्याशी कंपनीतल्या बोनसच्या गप्पा मारत बसलो. नागोठण्याला उतरून चहा प्यायलो, सिगारेट ओढली. पेणला उतरताना पिशवी एका हाताने उचलली तेव्हा आत काहीतरी कुरकुरलं. मोटर कलंडून वर आली होती आणि बाळ तिच्याखाली गेलं होतं.

सासरे कारखान्यात होते. मी त्यांच्यापुढे साडी उलगडली. मान तुटली होती, आणि चेहऱ्याची एक बाजू, कपाळापासून ओठांपर्यंत, पूड होऊन साडीला लागली होती.

त्यांनी तुटलेली मान बोटांनी जुळवून पाहिली. मग म्हणाले, "जोडतो. तोंड भरून घेतो. सांधा कुणाला दिसायचा नाय."

मी म्हटलं, "आईला कळेल. ती दर वर्षी हाताने पुसते. तिच्या बोटांना कळेल."

"मग सांगून टाकू. प्रवासात फुटली म्हणून. माणसाच्या हातून होतं."

मी तेव्हा दोन मुलांचा बाप होतो. कंपनीत माझ्या हाताखाली माणसं होती. आणि मला आईला सांगायची भीती वाटली. बायकोला सांगायचीही वाटली, कारण तिने मांडीवर धरून न्या म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, "मामा, असं करा. ही नदीत सोडून द्या आणि हुबेहूब अशीच दुसरी करा."

"तुमच्यात सोडतात?"

"चालतं."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "विहीणबायना विचारलाय?"

"विचारलंय," मी म्हटलं. मी नुकताच एसटीतून उतरलो होतो, तेव्हा कुणाला आणि कसं विचारणार, हे त्यांच्या लक्षात आलंच असणार. पण जावयाला खोटं पाडायचं नाही, ही त्या पिढीची रीत. ते म्हणाले, "बरं."

त्यांनी त्या संध्याकाळी भंगलेली मूर्ती भोगावतीवर नेली. मी बरोबर गेलो नाही, वाइंडिंगवाल्याकडे गेलो. नंतर मला कळलं की त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडली. डिसेंबरातल्या पाण्यात.

*

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ते रोह्याला आले. घरात करंज्या चालल्या होत्या. माझी धाकटी बहीण आली होती, ती झिरमिळ्या लावत होती. सासऱ्यांनी नवं बाळ आईच्या हातात दिलं. शाडूचं, कारखान्याचं दिवसभराचं काम सांभाळून केलेलं. हात तसेच, पायांची घडी तशीच, गालावरची खळीसुद्धा तशीच.

फक्त डोळे उघडे होते.

मूर्तीचे डोळे काढण्याला पेणला आखणी म्हणतात. सासरे आखणीतले वाकबगार. आईचं बाळ त्यांनी इतकी वर्षं रंगवलं, पण त्याच्या मिटल्या पापण्यांना कधी हात लावला नव्हता. ती दुसऱ्याने केलेली मूर्ती, ज्याने केली त्याची मर्जी. ही मात्र त्यांच्या हातची होती. आणि डोळे उघडल्याशिवाय मूर्ती हातावेगळी करायची नाही, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला होता. आंधळं लेकरू कुणाच्या घरी कसं पाठवायचं? त्यांनी त्याला मोठे, काळेभोर, सगळीकडून आपल्याकडेच बघणारे डोळे काढले होते.

आईने ते हातात घेतलं आणि विचारलं, "हे कोण?"

तिने त्याच्या पापण्यांवरून बोट फिरवलं.

"माझं बाळ कुठे आहे?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यात राग नव्हता. जावई आता बोलेल, म्हणून ते थांबले होते. मी भिंतीला खिळा ठोकत होतो. तो नीट बसला होता, तरी मी आणखी ठोकला.

मग तेच म्हणाले, "जुनी मूर्ती मी सोडली, विहीणबाय. नदीला. नीट पूजा करून सोडली."

"नदीला?" आईचा आवाज इतका बारीक झाला की मला तो तिचा वाटेना. ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हणून थांबलो असतो तरी पुरे होतं. पण मी पुढे म्हणालो, "मला कुठे काय माहीत, आई. त्यांच्यात असतं तसं. सण झाला की सोडून द्यायचं. त्यांना काय कळणार आपलं?"

बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आईचा चेहरा पाहिला आणि वडिलांवर ओरडली, "काय हो बाबा! विचारायचं तरी! कायतरी आपलं करून बसायचं. आता मी या घरात तोंड कसं दाखवू?"

ते म्हणाले, "व्हय गो बाय. चुकलंच माझं."

आईने नवं बाळ त्यांच्या हातात परत दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सासऱ्यांनी ते फडक्यात गुंडाळलं. पुढे त्याचं काय केलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. जेवायला थांबा, असं मीच म्हटलं, ते थांबले, खाली मान घालून जेवले आणि दुपारच्या गाडीने गेले. पुन्हा नाताळात ते आमच्याकडे कधी आले नाहीत. इतर वेळी आले, नातवंडांच्या आजारपणात आले. डिसेंबरात नाही.

सण झाला की आईला सांगू, असं मी ठरवलं होतं. मग ती जरा सावरली की सांगू. मग ईस्टर आला. वर्षं गेली तशी आई निवळली, आणि एका नाताळात माझ्या बहिणीने ती गोष्ट पहिल्यांदा गंमत म्हणून सांगितली. आईसुद्धा हसली. आता काय बिघडलंय, असं मी मनाशी म्हटलं. हसण्यावारी गेलेली गोष्ट उकरून कशाला काढायची? त्या हसण्याचा मला केवढा आधार वाटला, ते मलाच ठाऊक.

सासऱ्यांशी एकदा बोलायला गेलो होतो. ते थकले होते, पेणला अंगणात खुर्ची टाकून बसत. मी म्हटलं, "मामा, त्या वेळचं ते..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, "यंदा गोठ्याला पेंढा मिळाला काय चांगला? आता सगळे मशीननं झोडतात, पेंढा आखूड येतो." मी म्हटलं मिळाला. तेवढंच. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

*

सुनेने तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला सांगितलं. मुलगा कामावर गेला होता, सून नळाचं पाणी भरत होती. बायको करंज्यांचं सारण परतत होती. मी स्टुलावर बसलो आणि मोटर, पिशवी, नागोठण्याचा चहा, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने गॅस बारीक केला, मग बंद केला.

"दोनदा विचारलं होतं त्यांनी?"

"हो."

"आणि तुम्ही चालतं म्हणालात."

"हो."

ती कढईकडे बघत होती. "त्या दिवशी त्यांना मी वाढलं नाय," ती म्हणाली. "मी रागात होते. तुमच्या बहिणीने वाढलं. पोरगी घरात असताना बापाने परक्या बाईच्या हातचं जेवायचं. मी आत बसून ऐकत होते, ते म्हणत होते, बस बाय, बस, नको आणखी."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"तुम्ही बोलू नका." मग पदराला हात पुसत, "त्यांनी मला पण नाय सांगितलं. एवढ्या वर्षांत. मी माहेरी जायचे, त्यांना सांगायचे, सासूबाई अजून तेच काढतात. आणि ते मलाच म्हणायचे, चुकलं गो माझं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी समजूत घालीन. तिने परत गॅस पेटवला आणि म्हणाली, "माझ्या भावाला जाऊन सांगा. फोनवर नाय. जाऊन."

मी दुसऱ्या दिवशीच्या मेमू गाडीने पेणला गेलो. स्टेशनवरून मिनिडोअर रिक्षाने गावात. मेहुणाही आता म्हातारा झाला आहे. गुडघ्यांमुळे त्याला खाली बसवत नाही, खुर्चीवर बसून तो कारखान्यातल्या पोरांवर नजर ठेवतो. पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगा मागे होत्या. मला पाहून तो खूश झाला. "या दाजी! नाताळचं सोडून इकडं कुठं? केक आणलाय काय?"

मी त्याला सांगितलं. पोरं काम करत होती, रेडिओ चालू होता. त्याने तो बंद करायला सांगितला नाही.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आमची आय त्यांना लय बोलली तेव्हा. पोरीचं सासर तोडलंस म्हणाली. मी पण बोललो. अक्कल गहाण ठेवली होती काय, असं बोललो मी बापाला." त्याने गुडघा चोळला. "ते काय म्हणाले माहीत हाय? म्हणाले, हात चुकला."

"मी..."

"नाय, आता तुम्ही काय म्हणणार?" तो म्हणाला. मग पोराला चहा आणायला सांगितलं. चहा आला, आम्ही प्यायलो. त्याच्या नातवाच्या शाळेबद्दल बोलणं झालं. हायवेचं काम कधी संपणार, त्याबद्दल झालं. इतक्या वर्षांत मी पेणला गेलो आणि जेवून जा असं कुणी म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. मी उठलो तेव्हा त्याने फक्त मान हलवली.

*

नाताळच्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर बायकोने डबा भरला. करंज्या, केक, कोंबडीचा रस्सा, वडे. सुनेला म्हणाली, "मी माहेरी जाते गो. संध्याकाळी येते." नाताळच्या दिवशी ती कधीच पेणला गेली नव्हती. मुलगा म्हणाला, "आजच? घरी माणसं येणार, मम्मी." तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुझे पप्पा आहेत ना. ते सांगतील सगळ्यांना."

माणसं आली. आमचा गोठा बघायला दर वर्षी शेजारपाजारचे येतात, मुलाचे कंपनीतले मित्र येतात. जो येई तो विचारी, "काकू कुठे आहेत?" मी म्हणे, "माहेरी." आणि मग, "आज? का?" मुलाच्या एका मित्राला ती जुनी गोष्ट पाठ होती. तो म्हणाला, "काका, आज तुम्ही सांगा. विसर्जनाची."

मी सांगितली. जशी झाली तशी. मुलगा सुरुवातीला हसला, त्याला वाटलं मी गोष्टीला नवं काहीतरी जोडतोय. मग हसायचा थांबला. मित्राने हातातली करंजी बशीत ठेवली. सून दाराशी उभी होती. तिने विचारलं, "पण पप्पा, तुम्ही लगेच का नाही बोललात?"

"आईची भीती वाटली," मी म्हटलं. पांढऱ्या केसांच्या माणसाच्या तोंडी हे कसं दिसतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मुलगा उठून बाहेर गेला. त्यानंतर आणखी दोन घरची माणसं आली. त्यांनाही मी सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

बायको संध्याकाळी परतली. पदराने तोंड पुसलं, डबा मोरीत ठेवला, पाणी प्यायली. भाऊ कसा आहे, असं मी विचारलं. "बरा हाय," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

मी नावं घेतली.

"तुमच्या बहिणीला?"

"उद्या करतो फोन. आज सणाचा दिवस आहे, तिच्याकडे माणसं असतील."

"त्या दिवशी पण सणच होता," ती म्हणाली.

मी फोन लावला. बहीण पनवेलला असते. तिने उचलला तो हसतच. मागे खूप आवाज होते, नातवंडं, भांडी, कुणीतरी गाणं म्हणत होतं. "हॅपी ख्रिसमस, दादा! वहिनी काय म्हणते? गोठा झाला का छान? यंदा बाळ सांभाळलंत ना नीट?" आणि पुन्हा हसली.

बायको समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी बहिणीला म्हटलं, "जरा बाजूला ये. आतल्या खोलीत जा आणि दार लाव. तुला एक सांगायचंय."